चपटे डोके आणि बदलती कूस



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो घराघरांत हलक्या आवाजात बोलला जाणारा विषय आहे. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या बाळाचे डोके मागून किंवा एका अंगाने चपटे दिसू लागते. न्हाऊ घालताना आजीच्या हाताला ते प्रथम जाणवते. मग कोणी म्हणते, मालीशवालीने डोके नीट बसविले नाही. कोणी म्हणते, मोहरीची उशी दिली नाही. आणि सर्वांच्या बोलण्याचा रोख हळूहळू बाळाच्या आईकडे वळतो. आई बिचारी आधीच जागरणांनी थकलेली असते. आपल्या हातून काही चुकले, या समजुतीने ती अधिकच खचते, आणि जो जे सांगेल ते करू लागते. त्यांतले काही उपाय निरुपद्रवी असतात, काही निरुपयोगी असतात आणि एखाद-दुसरा बाळाच्या जिवावर बेतणारा असतो.

हे चपटेपण का येते, त्यावर घरच्या घरी काय करता येते, आणि काय मुळीच करू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे. शाळेत मुलांना शिकविणारी एक शिक्षिका आहे. परंतु शाळेत मुलांना पोहोचविण्यासाठी येणाऱ्या आयांच्या कडेवर बहुधा धाकटे भावंड असते, आणि त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यांतून हा प्रश्न किती घरांत आहे, याची मला कल्पना आली. पुढे जे सांगणार आहे ते बालरोगतज्ज्ञांनी पारखून मान्य केलेले आहे. त्यात माझे काही असेल तर मांडणी तेवढी.

प्रथम आपल्या कडोदऱ्याविषयी. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे हे गाव वसलेले आहे. आजूबाजूला कापड विणणारे, रंगविणारे, छापणारे कारखाने. त्या कारखान्यांच्या ओढीने खानदेशातून, ओरिसातून, उत्तर प्रदेश-बिहारातून माणसे येथे आली आणि भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली. मराठी कुटुंबे बहुतेक धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतली. घरातला पुरुष पाळीवर जातो. बाळंतपणाला माहेरी गेलेली सून दोन-अडीच महिन्यांनी बाळाला घेऊन खोलीवर परतते, आणि तेथून पुढे दिवसभर ती आणि ते बाळ, अशी दोघेच घरात असतात.

ही खोली कशी असते? एक दार, बहुधा एकच खिडकी. भिंतीला लागून अंथरूण किंवा खाट. बाळाच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उजेड, दार आणि स्वयंपाक करणारी आई. बाळ कोणीकडे पाहील? कोरी भिंत कोणाला आवडते? ते उजेडाकडे पाहील, आईच्या आवाजाकडे तोंड करील, आणि त्याच अंगाला तोंड करून झोपीही जाईल. अशा रीतीने दिवसांतले पंधरा-सोळा तास डोक्याचा एकच भाग अंथरुणावर टेकून राहतो. आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

आता तान्ह्याचे डोके कसे असते ते पाहू. आपली, म्हणजे मोठ्या माणसांची, कवटी एकसंध वाटते. बाळाची कवटी मात्र निरनिराळ्या पातळ हाडांच्या पाकळ्यांची बनलेली असते, आणि त्या पाकळ्यांमध्ये लवचीक सांधे असतात. जन्माच्या वेळी अरुंद वाटेतून बाहेर येताना ही हाडे किंचित एकमेकांवर सरकतात, म्हणून पुष्कळ बाळांचे डोके पहिल्या आठवड्यात लांबट दिसते आणि पुढे आपोआप सुधारते. माथ्यावर जिला आपण टाळू म्हणतो ती या पाकळ्यांमधली मोठी मऊ जागा. ती साधारणपणे एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरते. डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरी लहान मऊ जागा असते, ती दोन-तीन महिन्यांतच मिटते.

ही रचना निसर्गाने केली ती मेंदूच्या वाढीसाठी. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो; वर्षाअखेर तो ४५-४६ च्या आसपास जातो. त्यांतही पहिल्या तीन महिन्यांत दर महिन्याला जवळजवळ २ सेंटिमीटर, पुढच्या तीन महिन्यांत दर महिन्याला सुमारे १, आणि नंतर महिन्याला अर्धा सेंटिमीटर अशी वाढ होते. म्हणजे वर्षभराच्या वाढीतला निम्मा वाटा पहिल्या तीन-चार महिन्यांतच उरकतो. आतून मेंदू वाढतो आणि कवटीला बाहेर लोटतो. ज्या अंगाला बाहेरून अडथळा असेल त्या अंगाला वाढ खुंटते, आणि जिकडे मोकळीक असेल तिकडे ती वळते. शेतात जमिनीवर टेकून वाढलेला लाल भोपळा आपण पाहिलेला आहे. वरून तो गोल असतो, परंतु जमिनीला लागलेली बाजू चपटी राहते. शेतकरी त्याला रोगट म्हणत नाही. तो एका कुशीवर वाढला, एवढेच म्हणतो. बाळाच्या डोक्याचे नेमके तसेच असते.

यातूनच उपायाची दिशाही कळते. जी वाढ डोके चपटे करते, तीच वाढ त्याला पुन्हा गोलही करू शकते. आपण करावयाचे ते इतकेच, की चपट्या भागावरचा भार काढून घ्यावयाचा आणि वाढीला वाट मोकळी करून द्यावयाची. मात्र वाढीचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत अधिक असल्यामुळे हे काम लवकर सुरू केले तर लवकर फळते. सहा आठवड्यांच्या बाळाच्या बाबतीत जे सहज साधते, ते दहा महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत तितके साधत नाही.

हे चपटेपण विरळा आहे, असेही समजू नये. कॅनडातील कॅलगरी येथे सात ते बारा आठवड्यांच्या ४४० निरोगी बाळांची तपासणी करण्यात आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरांतल्या सुमारे ४७ बाळांच्या डोक्याला कोठे ना कोठे चपटेपणा आढळला. त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक बाळांत तो सौम्य होता. न्यूझीलंडमध्ये २०० बाळे जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पुनःपुन्हा तपासण्यात आली. मोजण्याची रीत निराळी असल्यामुळे तेथील आकडे कमी आहेत, परंतु त्यांचा क्रम बोलका आहे. सहा आठवड्यांच्या वयात शंभरांत १६, चार महिन्यांच्या वयात जवळजवळ २०, आठ महिन्यांच्या वयात ९, आणि दोन वर्षांच्या वयात अवघी ३. चौथ्या महिन्यापर्यंत ही तक्रार वाढते, आणि मूल मान सावरू लागले, पालथे पडू लागले, बसू लागले, की ओसरते. ज्या आईला तिसऱ्या महिन्यात झोप लागत नाही, तिने हा क्रम लक्षात ठेवावा.

मेंदूला यामुळे दाब बसतो का, ही भीती अनेकांच्या मनात असते. अंथरुणावर टेकून आलेल्या चपटेपणात मेंदू दाबला जात नाही; तो आपल्याला हवी तेवढी जागा दुसऱ्या अंगाने करून घेतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. जे मूल मुळातच कमी हालचाल करते, ते एका कुशीवर अधिक पडून राहते. म्हणून चपटे डोके दिसले, तर मूल हातपाय नीट हलविते का, मान धरते का, आवाजाकडे वळते का, इकडेही लक्ष द्यावे.

आता कोणी विचारील, बाळाला पाठीवर निजविल्यामुळेच जर डोके चपटे होत असेल, तर त्याला पालथे किंवा कुशीवर का निजवू नये? या प्रश्नाचे उत्तर पाश्चात्त्य देशांनी फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत बाळांना पालथे निजविण्याची शिफारस होत असे. बाळ गाढ झोपते, दूध उलटले तरी घशात जात नाही, अशी त्यामागची समजूत. पुढे असे आढळून आले, की रात्री धडधाकट निजलेली आणि सकाळी मृतावस्थेत सापडलेली बाळे पुष्कळदा पालथी निजलेली असत. १९९१ साली ब्रिटनने, १९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपला सल्ला बदलला. १९९४ साली अमेरिकेत बाळाला उताणे निजवा, अशी मोठी मोहीम निघाली. एका दशकाच्या आत तेथील असे आकस्मिक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. उताण्या निजणाऱ्या बाळांत चपटी डोकी मात्र अधिक दिसू लागली, आणि १९९६ पासून तेथील डॉक्टर त्याविषयी लिहू लागले. तरीही कोणी शहाण्या माणसाने जुन्या रीतीकडे परतण्याचा सल्ला दिला नाही. डोक्याचा आकार सुधारता येतो. गेलेला श्वास परत आणता येत नाही. म्हणून पहिला नियम हा, की बाळ झोपेल तेव्हा, रात्री असो वा दिवसा, ते पाठीवरच झोपेल. कुशीवर निजविलेले बाळ सहज पालथे होते, यास्तव कुशीचाही मार्ग नको. बाळ स्वतः दोन्ही बाजूंना सहज वळू लागले, म्हणजे झोपेत ते जसे वळेल तसे वळू द्यावे. आपण मात्र निजविताना उताणेच निजवावे.

आपल्याकडे बाळ परंपरेने उताणेच निजते. म्हणून चपट्या डोक्याची ओळख आपल्या आजीबाईंना कॅलगरीच्या डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून होती, आणि त्यावर त्यांनी आपले उपाय योजले होते. त्या उपायांकडे आपण आदराने, परंतु डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

त्यांत पहिला उपाय मालिशीच्या वेळी डोके दाबून गोल करण्याचा. तळहातांनी कपाळ आणि मागची बाजू दाबावयाची, टाळूवर तेल जिरवावयाचे, नाक ओढावयाचे. तेलाचा हलका हात फिरविण्यात वावगे काही नाही. त्या स्पर्शाने बाळ सुखावते. परंतु दिवसातून पाच मिनिटे दाबल्याने कवटीला आकार येत नाही, कारण उरलेले तास ती पुन्हा त्याच जागी टेकलेली असते. आणि जोराने दाबणे, विशेषतः टाळूवर, धोक्याचे आहे. तेव्हा तेल लावावे, दाबू नये.

दुसरा उपाय मोहरीच्या उशीचा. मोहरीचे दाणे सरकतात, डोक्याला खळगा होतो आणि भार विभागला जातो, ही कल्पना सुचविणारी आजी खरोखर चतुर होती, यात संशय नाही. परंतु तान्ह्या बाळाला मान उचलून बाजूला करता येत नाही. उशीत तोंड गेले, किंवा उशीमुळे हनुवटी छातीवर टेकली, तर श्वास कोंडू शकतो. शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जाण्याचे भय. म्हणून वर्षाच्या आतील बाळाला झोपेत कोणतीच उशी देऊ नये, असा आजचा सल्ला आहे. बाजारात मध्ये खळगा असलेल्या आकर्षक उशा डोके गोल करण्याच्या नावाखाली विकल्या जातात. त्यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली जाहीर इशारा दिला. बाळ कुशीवर राहावे म्हणून पाठीशी लोड किंवा कापडाची गुंडाळी लावण्याची चाल आहे, तीही याच कारणासाठी सोडून द्यावी.

परंतु आजीच्या घरात आणखी एक गोष्ट होती, जिला कोणी उपाय म्हणत नसे आणि जी खरा उपाय होती. आजी पाटावर बसून पाय लांब करी, बाळाला नडग्यांवर पालथे घाली आणि त्याची पाठ चोळून त्याला न्हाऊ घाली. त्या वेळी बाळ मान उचलण्याची धडपड करी. आज डॉक्टर जागेपणी पालथे घालण्याचा जो व्यायाम सांगतात, तो हाच. आणि न्हाणे झाल्यावर बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात असे. आजीच्या, आत्याच्या, शेजारच्या काकूच्या, थोरल्या बहिणीच्या. कोणी डाव्या खांद्यावर घेई, कोणी उजव्या. त्या बाळाचे डोके दिवसभरात अंथरुणावर कितीसे टेकत असेल? गावाकडच्या डोक्यांना मोहरीची उशी गोल करीत होती असे आपण म्हणत आलो. त्या श्रेयाचा मोठा वाटा या मांड्यांचा असावा, असे मला वाटते. कडोदऱ्याच्या खोलीत उशी आणता येते. उणीव मांड्यांची आहे.

तेव्हा आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, निजविताना तोंडाची दिशा आलटून पालटून ठेवावी. बाळ उताणेच राहील, फक्त मान एका वेळी उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे वळवावी. झोप गाढ लागली म्हणजे मान हळूच वळविता येते. डोके मागच्या उजव्या अंगाला चपटे असेल, तर काही आठवडे डावीकडे वळविण्याचा प्रयत्न अधिक करावा. बाळाने पुन्हा आपल्या आवडीच्या बाजूला मान फिरविली, तर जबरदस्ती करू नये. पुढच्या झोपेला पुन्हा प्रयत्न करावा.

दुसरी गोष्ट, खोलीचाच उपयोग करून घ्यावा. बाळाची मान आपण धरून ठेवू शकत नाही, परंतु त्याचे कुतूहल वळवू शकतो. भिंतीला लागून असलेल्या अंथरुणावर आज बाळाचे डोके ज्या टोकाला असेल, उद्या त्या टोकाला पाय करावेत. काल दार उजव्या हाताला होते, आज ते डाव्या हाताला येईल, आणि उजेडाकडे पाहण्यासाठी बाळ आपण होऊन दुसरीकडे वळेल. यास ना पैसा लागतो ना जागा. दिवस लक्षात राहत नसतील, तर सम तारखेला एक टोक आणि विषम तारखेला दुसरे, असे ठरवावे. जागेपणी खुळखुळा, रंगीत चिंधी, आईचा चेहरा, भावंडाचा आवाज, हे सारे ज्या बाजूला बाळ कमी वळते त्या बाजूने यावे. सतत माथ्यावर चिमणाळे टांगून ठेवले तर बाळ सरळ वरच पाहत राहील आणि मागचा भाग मधोमध चपटा होईल. यासाठी तेही मधून मधून बाजूला टांगावे.

तिसरी गोष्ट दूध पाजण्याची. अंगावर पिणारे बाळ दोन्ही बाजूंना घेतले जाते, म्हणून त्याची मान दोन्हीकडे वळते. वरचे दूध देताना मात्र आपण सवयीने नेहमी एकाच हातावर बाळ घेतो, आणि डोक्याची तीच बाजू दंडावर टेकत राहते. तेथे हात बदलण्याची आठवण ठेवावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाळ जागे असताना, आणि कोणीतरी मोठे माणूस समोर बसून पाहत असताना, त्याला पालथे घालावे. पहिल्या आठवड्यापासून दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी तीन ते पाच मिनिटे, इतकी सुरुवात पुरे. बाळ सात आठवड्यांचे होईपर्यंत दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटांपर्यंत जावे. रांगू न लागलेल्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिवसभरात मिळून निदान तीस मिनिटे हा दंडक घालून दिला आहे. दूध पाजल्यावर लगेच पालथे घालू नये. थोडा वेळ जाऊ द्यावा. पुष्कळ बाळे प्रथम रडतात. त्यांना आईने मागे रेलून बसून स्वतःच्या छातीवर पालथे घ्यावे, किंवा मांड्यांवर आडवे घालून पाठीवर हात फिरवावा. आईचे तोंड समोर असले म्हणजे मान उचलण्याला काही कारण मिळते. याने डोक्यावरचा भार तर निघतोच, शिवाय मान, खांदे आणि पाठ बळकट होऊन बाळ वेळेवर पालथे पडू लागते. आणि एकदा ते स्वतः वळू लागले, की आपले निम्मे काम तेच करते. डोळा लागला तर मात्र त्याला ताबडतोब उताणे करावे. खाली अंथरूण घट्ट असावे. मऊ गादी, लोड, सैल पांघरूण जवळ नको.

पाचवी गोष्ट, बाळाला उचलून घ्यावे. कडेवर, खांद्यावर, छातीशी. बाजू बदलून बदलून. घेण्याने मूल बिघडते, हा समज सोडून द्यावा. आपल्याकडची झोळी किंवा गुजराती शेजारणीकडचे घोडियुं बाळाला रमविण्यापुरते चालेल. परंतु झोळीत मान पुढे झुकते आणि हालचालीला वाव राहत नाही, म्हणून तासन् तास त्यात ठेवू नये आणि गाढ झोपेसाठी बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर घ्यावे.

हे सारे केले तरी फरक एका आठवड्यात दिसत नाही. न्हाऊ घातल्यावर केस ओले असताना बाळाला मांडीवर बसवून वरून डोके पाहावे. दोन्ही कान एका रेषेत आहेत का, कपाळाची एक बाजू पुढे आली आहे का, हे तेव्हा कळते. दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर असाच वरून फोटो घ्यावा आणि मागच्या फोटोशी ताडून पाहावा. रोज पाहणाऱ्याला जे दिसत नाही, ते दोन महिन्यांच्या फोटोंत स्पष्ट दिसते. शेवटी थोडासा चपटेपणा राहिलाच, तर दाट केसांखाली तो कोणाला दिसणार नाही. आपल्यापैकी कित्येकांची डोकी एका अंगाने बसकी आहेत आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

मोठ्या शहरांत अशा बाळांना टोपासारखे साधन घालण्याचा सल्ला कधी कधी मिळतो. ते महाग असते आणि दिवसाचे जवळजवळ सर्व तास घालावे लागते. नेदरलँड्समध्ये पाच-सहा महिन्यांच्या, मध्यम ते बऱ्याच चपट्या डोक्यांच्या ८४ बाळांचे दोन गट करून एका गटाला असा टोप दिला आणि दुसऱ्याला दिला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांतील सुधारणा सारखीच होती. दोन्हींत सुमारे पाव हिस्सा मुलांची डोकी पूर्ण सुधारली होती. याच्या उलट, त्याच देशात सात आठवड्यांच्या वयापासून ज्या बाळांच्या आईबापांना बाजू बदलण्याचे आणि मानेच्या व्यायामाचे रीतसर शिक्षण दिले गेले, त्या बाळांत सहा महिन्यांच्या वयात तीव्र चपटेपण बरेच कमी आढळले. तेव्हा कर्ज काढून टोप आणण्यापेक्षा सातव्या आठवड्यात अंथरुणाचे टोक बदलणे अधिक शहाणपणाचे.

आता डॉक्टरांकडे केव्हा जावे ते सांगते, कारण प्रत्येक चपटे डोके कुशीमुळेच आलेले असते, असे नाही. बाळाची मान एकाच बाजूला कललेली राहत असेल आणि दुसरीकडे वळविताना ते रडत असेल, तर मानेचा एक स्नायू आखडलेला असू शकतो. त्याला डॉक्टरांनी शिकविलेले व्यायाम लागतात आणि लवकर सुरू केल्यास गुण चांगला येतो. दुसरे, कवटीचे सांधे वेळेआधीच जुळून जाण्याचा एक विकार आहे. तो साधारण दोन-अडीच हजार बाळांत एखाद्यास होतो. त्यात डोक्याचा निराळा आकार बहुधा जन्मापासूनच असतो, सांध्यावर हाताला कठीण उंचवटा लागतो, आणि बाजू बदलूनही आकार वाढत्या वयाबरोबर बिघडतच जातो. कुशीच्या चपटेपणात वरून पाहता चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला दिसतो. या विकारात तो पुष्कळदा मागे आणि खाली ओढलेला असतो. हा भेद करणे आपले काम नव्हे, डॉक्टरांचे आहे. टाळू फुगलेली असणे, घेर फार झपाट्याने वाढणे किंवा मुळीच न वाढणे, बाळ मलूल होणे, अशा वेळी तर एक दिवसही थांबू नये.

यासाठी निराळी खेप घालावी लागत नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लस टोचण्यासाठी बाळाला न्यावेच लागते. त्या वेळी नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना डोके दाखवावे, घेर मोजून कार्डावर लिहून घ्यावा. गुजरातेत अंगणवाडीवर ‘ममता दिवस’ होतो, तेथेही विचारता येते. शिवाय आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची निगा शिकविली आणि त्यामुळे बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध केले. तीच कल्पना २०११ साली देशभराच्या योजनेत उतरली. नवजात बालकांसाठीच्या या योजनेतली आशाची शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे सहा आठवड्यांना असते. आणि चपटेपण प्रथम दिसू लागते तेही याच सुमारास. ती भेट केवळ सही घेण्यापुरती जाऊ देऊ नये. माहेरी असलेल्या मुलींनी तेथल्या आशाला विचारावे, आणि खोलीवर परतल्यावर येथल्या आशाला आपले नाव कळवावे.

शेवटी घरातल्या इतरांशी दोन शब्द. वडीलधाऱ्या बायकांना माझी विनंती आहे, की डोके चपटे दिसले तर सुनेला बोल लावू नका. तिने बाळाला पाठीवर निजविले, हे तिने योग्यच केले. तुमची खरी गरज आहे ती तुमच्या मांडीची. गावाकडून चार दिवस आलात, तर मोहरीची उशी शिवण्याऐवजी तेवढा वेळ बाळाला पायांवर पालथे घ्या. कारखान्यातून परतलेल्या बापाने पाळीचा शीण असला तरी वीस मिनिटे मुलाला छातीवर पालथे घेऊन पडावे, मात्र स्वतःला झोप लागणार नाही याची खबरदारी घ्यावी. शाळेतून आलेल्या थोरल्या भावंडाने बाळाच्या दुर्लक्षित बाजूला बसून पाढे म्हणावेत. पाढेही पाठ होतील. आणि शेजारच्या खोलीतली ओरिया किंवा भोजपुरी बोलणारी बाई भाषेने परकी असली, तरी बाळाला घ्यावयास तिला भाषा लागत नाही. तुम्ही तिचे घ्या, ती तुमचे घेईल.

जे घर गावी सुटले ते कडोदऱ्याला जसेच्या तसे उभे करता येणार नाही. परंतु बाळापुरत्या चार मांड्या आपण येथे जमवू शकतो, आणि आज रात्री निजण्यापूर्वी अंथरुणाचे टोक बदलणे तर अगदीच आपल्या हातचे आहे.